हळदीच्या मांडवात नंदाबाई

हुशार पोरं आपली आपण शिकतात, त्यांच्या मास्तरांना काय कष्ट, असं म्हणणाऱ्यांनी एकदा नंदाबाई परुळेकरांचा उजवा हात बघावा. मनगटाशी तो वाकडाच राहिलाय. ठाकुर्लीच्या शाळेत गणित शिकवता शिकवता निवृत्ती जवळ आली होती, तेव्हा तो मोडला. आणि मोडला कुठे, तर हळदीच्या मांडवात.

कृतिका त्यांची विद्यार्थिनी. उदाहरण फळ्यावर पुरतं उतरायच्या आत ही उत्तर सांगून मोकळी. "उत्तर नको, वाट दाखव," म्हणून बाई खेकसायच्या. दहावीतल्या या पोरीने गणिताच्या मोठ्या स्पर्धेच्या एक सोडून सगळ्या फेऱ्या जिंकल्या होत्या. शेवटची, निवडीची, रविवारी सकाळी ठाण्यात होती. ती हुकली की पुढच्या वर्षी वयात बसत नव्हती.

पण तिच्या घरात त्या वर्षी धड सण झाला नव्हता. वडील गोविंदा आणि थोरले काका देवेश यांची भातशेतीच्या जागेवरून जुंपली होती. बिल्डरला द्यायची की नाही, एवढंच. गणपतीत देवेशने भावाच्या गाडीची काच फोडली, दिवाळीत गोविंदाने थोरल्याच्या दारावर कोयता घातला. मध्ये पडली म्हणून कृतिकाच्या गालावर पाच बोटं उठली. सुजला गाल घेऊन ती बाईंच्या स्वयंपाकघरात यायची. बाई हातात बर्फ द्यायच्या आणि भिंतीवरच्या फळ्यावर गणित टाकायच्या. हळहळत बसणं त्यांना जमायचं नाही.

त्यात देवेशच्या मुलाचं लग्न निघालं, नेमकं त्याच रविवारी. घरात नवऱ्याची बिनलग्नाची बहीण कृतिका एकटीच, म्हणजे करवली हीच. कलश घेऊन करवली नवऱ्यामागे उभी राहिली नाही तर लग्न कसलं! देवेशने बजावलं, "परीक्षा काय, दर साली येते."

नंदाबाई मूळच्या देवरुखकडच्या. त्यांच्या गावात भरल्या मांडवात पाहुण्याने शब्द टाकला की यजमान नाही म्हणत नसे. त्या भरवशावर शनिवारी संध्याकाळी आहेराचं पाकीट घेऊन त्या हळदीला गेल्या. एवढी शिकलेली बाई, पण या गावात भावकीसमोर थोरल्याला अडवणं म्हणजे त्याची अब्रू काढणं, हे काही तिच्या डोक्यात आलं नाही.

बाईंनी हळदीचा वाजता बेंजो थांबवायला लावला. "देवेशभाऊ, उद्या सकाळपुरती पोरगी मला द्या. दुपारच्या पंगतीला परत आणते."

"बाय, जेवाला बसा," देवेश हसून म्हणाला.

"मी जेवायला नाही आले."

हसू गेलं. तो भावाकडे वळला. "तूच धाडलीस ना रे हिला? माझे मांडवान माझी इज्जत काढाला?"

"दादा, मना काय म्हाईत..."

पुढचे शब्द देवेशने हाणलेल्या लोखंडी खुर्चीखाली गेले. गोविंदाचं कपाळ फुटलं. हळदीने पिवळ्या झालेल्या सदऱ्यावर रक्त धावलं. चुलतभावांनी मांडवाचे बांबू उपसले, दोन्हीकडची डोकी फुटायला लागली, तेलाची कढई लवंडली आणि कोणाचे तरी पाय भाजले. कृतिका बापाच्या अंगावर पडली. देवेशचा बांबू तिच्यावर उतरायला निघाला, तसा नंदाबाईंनी हात मध्ये घातला.

हाड वाजलं. बाई किंचाळल्या, पण काय म्हणून? "मेल्या, डोक्यावर मारू नकोस तिच्या!"

कृतिकाच्या आईने, सगुणाने, लेकीला ओढून बाईंकडे ढकललं. "न्या हिला बाय. यांना मी बघतंय."

रविवारी सकाळी बाईंचा हात प्लास्टरमध्ये, गोविंदा टाके घेऊन दवाखान्यात, आणि कृतिकाला घेऊन बाई खाली उतरल्या, तर इमारतीच्या फाटकाशी देवेश उभा. अंगावर नवे कपडे, डोक्याला पट्टी.

"बाय, करवली पायजे. मांडव खोळंबलाय."

"बापाचं कपाळ फोडलंस आणि आता तिने तुझा कलश धरायचा? लाज आहे का रे?"

त्याने कृतिकाची वेणी धरली. पुढे बाईंनी जे केलं ते शाळामास्तरणीला शोभणारं नव्हतं. प्लास्टरचा हात त्यांनी उचलला आणि काडकन त्याच्या नाकावर हाणला. तो रक्ताची गुळणी टाकत खाली बसला. बाईंच्याही डोळ्यांपुढे काजवे चमकले. कळ एवढी, की त्या फाटकाला धरून ओकल्या.

"बाई!"

"बघतेस काय? रिक्षात बस!"

लग्नात शेजारची मुलगी करवली म्हणून उभी केली. लागलंच की लग्न!

कृतिका निवडली गेली. आठवड्याभरात नाक्यावर अभिनंदनाचा बॅनर लागला. देवेशचा फोटो पोरीच्या फोटोहून मोठा, खाली भावकीतले झाडून सगळे. नंदाबाईंचं नावसुद्धा नाही. कृतिका विळा घेऊन शिडीवर चढली. काकाच्या चेहऱ्यापासून सुरुवात करून तिने बॅनरच्या चिंध्या केल्या, स्वतःच्या फोटोसकट. खाली देवेश शिव्या घालत होता, पण शिडीला हात लावायचं धाडस त्याचं झालं नाही.

तशीच तरातरा ती बाईंकडे आली. "बाई, तुमचा फोटो नव्हता."

"बरं झालं. माझा फोटो कधी चांगला येत नाही. तो विळा बाहेर ठेव." बाईंनी डाव्या हाताने खडू उचलला. "परीक्षेतलं शेवटचं उदाहरण सुटलं नव्हतं ना? कुठे अडलीस?"

कृतिका फळ्यापाशी गेली.