कमलकाकूंची थाप

झाशीजवळच्या बबिन्याच्या लष्करी छावणीत सुभेदार पांडुरंगराव ड्यूटीवरून परतत, तेव्हा क्वार्टरच्या फाटकाशीच त्यांना कळे, आज भाकरी आहे. त्यांच्या बायकोची, सरलाबाईंची थापच तशी. परातीत पडली की चार घरांपलीकडे ऐकू जायची. एकदा शेजारचा हवालदार धावत आला, "भाभीजी, कपडे कूट रही हो या साहब को?" बाईंनी त्याच्या हातावर गरम चतकोर ठेवला. झालं! पठ्ठ्या मग रोज तीच चौकशी करायला येऊ लागला.

निवृत्तीनंतर दोघं झाशीतच, नगरा मोहल्ल्यात राहिले. शेजारी यज्ञेश्वरपंत आणि कमलकाकू. पिढ्यान्‌पिढ्या झाशीत मुरलेलं घर. बोलणं अर्धं हिंदी आणि ताटात गव्हाचे फुलके. त्यांची नात वसुंधरा जेवली की पोट धरून बसायची. हातापायांच्या अगदी काड्या झालेल्या. डॉक्टरांनी गहू बंद केला, दूध-तूपही बंद केलं.

"मग बच्चीने खायचं काय?" काकूंनी डोक्याला हात लावला.

"भाकरी!" सरलाबाई म्हणाल्या. "ज्वारी, पाणी नि चिमूटभर मीठ. गहू नको, तुपाचा थेंब नको. द्या इकडे पोरीला."

झाशीपलीकडच्या मोठ गावच्या बाजारातून ज्वारी आली. बाईंच्या घरघंटीत गहू कधी पडलाच नव्हता. ताज्या पिठात उकळतं पाणी, मग तळहाताने रगडून रगडून मळणं, थापणं, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात. उलटली की आचेवर टम्म! सोबत शेंगदाण्याची चटणी. महिना-दीड महिन्यात पोरगी अंगणात लंगडी खेळू लागली.

आता काकूंना वाटलं, नात आपली आणि भाकरी शेजारणीची? त्यांनी नवी परात, नवा तवा घेतला, पीठ तेवढं बाईंकडून नेलं. थोड्याच दिवसांत पोरीचं पोट पुन्हा दुखू लागलं.

यज्ञेश्वरपंत भिंतीशी आले. "सरलाजी, ज्वार इसे पचती नहीं. आजपासून बंद. पाहू, साबूदाण्यावर किती दिवस निघतात."

"भाऊजी, माझ्या पिठात खोट नाही," बाई म्हणाल्या, आणि बोलता बोलताच थबकल्या. मधे एवढीशी भिंत. पलीकडे कढईत मोहरी तडतडली तरी इकडे कळायचं. मग इतक्या दिवसांत थाप एकदाही कशी ऐकू आली नाही?

त्या तशाच पलीकडच्या स्वयंपाकघरात शिरल्या. टोपलीत भाकऱ्या होत्या. देखण्या, वाटोळ्या, नितळ.

"काकू, ह्या थापल्यात?"

"तर! थापल्याच!"

"बोटांचा एक ठसा दिसत नाही. काकू, भाकरी थापता येत नसेल तर येत नसेल, पण मला तरी थापा मारू नका!"

काकूंना आधी हसू फुटलं, मग डोळे भरले. "हाताने थापली की फट जाती है गं. म्हणून लाटते."

"आणि लाटताना पोळपाटावर भुरभुरायला पलेथन कशाचं?"

"आट्याचंच की. जरासं..." बोलता बोलता काकूंचा हात तोंडावर गेला. आटा म्हणजे गहू! जन्मभर लाटताना जो हात आट्याच्या डब्यात जायचा, तो आपसूक तिकडेच गेला होता.

"जरासंही नाही, काकू. पोळपाट नको, लाटणं नको. बसा खाली."

बाईंनी ज्वारीचंच पीठ परातीत भुरभुरलं आणि काकूंच्या हातावर आपला हात ठेवला. पहिली भाकरी फाटली, दुसरी चिकटली. "नवऱ्याला गोंजारताय का? जोर लावा!" बाहेरून यज्ञेश्वरपंत खाकरले.

पुढे पोट शांत व्हायला दिवस लागले, पण बाईंना खात्री होती. रोज सकाळी त्या भिंतीशी कान देऊन उभ्या राहात आणि पलीकडून थाप, थाप आली की चहा ठेवायला आत जात.

मग एका सकाळी थाप थांबल्यावर वसुंधराचा आवाज आला. "आजी, ही वाकडी आहे. पण तुझी पाचही बोटं दिसतात हं."

"खा मग."

थोडा वेळ गेला. मग पुन्हा तोच आवाज, तोंडात घास असलेला. "आणखी एक थाप ना!"

भिंतीअलीकडे सरलाबाईंनी पांडुरंगरावांकडे नुसतं पाहिलं आणि चहाचं आधण ठेवायला वळल्या.