रविवारचं पोर्ट लुई

पोर्ट लुई शहर बघायला मी नेमका रविवार निवडला आणि तिथेच माती खाल्ली. कुवेतमध्ये आठवडा सुरू होतो रविवारी. शुक्रवार-शनिवार सगळं थंड, आणि रविवारी पहाटे जाब्रियातल्या हॉस्पिटलची बस दारात. सतरा वर्षं नर्सची ड्युटी करून हे अंगात इतकं मुरलंय, की मॉरिशसमध्ये रविवारी सुट्टी असेल हे डोक्यातच आलं नाही. आठवडाभर आम्ही मायलेकी समुद्रकाठच्या हॉटेलात लोळलो आणि राजधानी शेवटच्या दिवसावर ठेवली. शनिवारी सगळं बंद असेल, असा माझा हिशोब!

नवऱ्याला रजा मिळाली नव्हती. सोबत होती सोळा वर्षांची लेक. खरं तर हा सगळा खटाटोप तिच्यासाठीच होता. ती कुवेतमधल्याच सलवा भागात वाढली. तिला मराठी समजतं, पण उत्तर कायम इंग्रजीत. पूर्वी कोकणातून बोटीने उसाच्या मळ्यांवर आलेल्यांच्या पतवंडांनी इथे मराठी कशी टिकवलीय, ते मला तिला दाखवायचं होतं. तिला तसं बोलले नव्हते. बोलले असते तर ती आलीच नसती.

दुपारी बसमधून उतरलो तर मंडई आवरलेली, चिनी दुकानांची शटर खाली, मशिदीसमोरची गल्ली ओस.

"मम्मा, इट्स संडे," लेक म्हणाली.

"दिसतंय मला," मी खेकसले.

दमट उकाड्यात पाय सुजले होते. बंदरावरच्या एका बाकावर मी बसले ती बसलेच. सुट्टी घेऊनही मी ड्युटी संपवून आल्यासारखीच दमले होते, आणि त्याचाच मला राग येत होता.

बाकाशेजारी एक म्हातारी अननसाच्या फोडी मीठ-मिरची लावून विकत होती. तिची नजर माझ्या मंगळसूत्रावर गेली. स्वतःच्या गळ्यातले काळे मणी पुढे धरून ती म्हणाली, "मराठी!"

माझा थकवा कुठल्या कुठे पळाला. मूळ गाव कुठलं, घरी कोण कोण असतं, मी सुरूच झाले. ती नुसती हसत राहिली. मग हात जोडून तिने गणपतीची आरती खणखणीत म्हणून दाखवली. त्यापलीकडे मराठीचा एक शब्द तिला येत नव्हता.

लेकीला शाळेत फ्रेंच आहे, आणि इथे फ्रेंच सगळ्यांनाच येतं. दोघींचं लगेच जमलं. मी मध्ये बसून अननस खात होते आणि लेक मला इंग्रजीतून सांगत होती: हिची आजी मराठी बोलायची. आईला नुसतं समजायचं. हिला आरती तेवढी येते.

आईला नुसतं समजायचं. लेक ते सहज सांगून पुढची फोड उचलत होती.

म्हातारीने आणखी काहीतरी विचारलं. हातातली फोड तशीच धरून लेक एक शब्द बोलली.

"काय विचारलं गं?"

"व्हॉट वी स्पीक ॲट होम."

"मग? तू काय सांगितलंस?"

"आय सेड मराठी," ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

म्हातारीने खूश होऊन तिच्या गालावरून हात फिरवला. लेकीचं उत्तर अर्धं खरं होतं. नवराही तिच्याशी इंग्रजीतच बोलतो. घरात मराठी बोलतं एक माणूस, आणि ते मी.