सेक्रेटरींच्या भिंतीतला पिंपळ

आमच्या विकास नगरच्या सोसायटीत नियमांना तोटा नाही. बाल्कनीत चादर वाळत घालायची नाही, दारं सगळ्यांची चॉकलेटी, बागेत फक्त लॉन आणि शोभेची झाडं. हे सगळं सेक्रेटरीसाहेबांच्या डोक्यातून निघालेलं. ते आमच्या खालच्याच फ्लॅटमध्ये राहतात. माणूस शिस्तीचा, पण आमच्याकडे हक्कानं चहाला येणारा.

गेल्या वर्षी बिल्डिंगला रंग द्यायचं ठरलं. नियम असा, की ज्याच्या भिंतीत झाडझुडूप उगवलं असेल त्यानं ते आधी काढायचं. आणि नेमका सेक्रेटरींच्याच भिंतीत, पाइपाजवळ, हातभर पिंपळ! माळ्यानं कानाला हात लावले. रंगवाला त्या बाजूला शिडीच लावेना. पिंपळ तोडायचं पाप कोण अंगावर घेणार?

मग एका सकाळी स्वारी आमच्याकडे हजर. चहा झाला, बिस्किटं झाली, आणि हळूच म्हणाले, "बहनजी, आप ही निकलवा दीजिए. आप लोग तो पीपल मानते नहीं."

माझं डोकंच सणकलं. काय माणूस आहे बाप्पा! आमच्या बुद्धाच्या फोटोखाली बसून इतकी वर्षं चहा पितोय. नागपूरहून ह्यांच्या नोकरीपायी इथं हिंदी मुलखात आलो त्याला जमाना झाला, तरी ते 'आप लोग' काही सुटत नाही. मुलगी आतून म्हणाली, "आई, छोड़ो ना." का म्हणून सोडू? आम्ही पिंपळाला फेऱ्या घालत नाही हे खरं, पण म्हणून कुऱ्हाड आम्ही चालवायची?

मी फोटोकडे बोट केलं. "भाईसाहब, ये किस पेड़ के नीचे बैठे हैं, कभी देखा?"

त्यांनी मान वर करून फोटोतली पानं पाहिली. चेहरा असा पडला, की मलाच हसू आलं.

"काटूँगी नहीं," मी ठणकावलं, "जड़ समेत निकालूँगी. लगाने की जगह आप देंगे. पार्क में."

बागेत मोठं झाड नको, हा नियम त्यांचाच. पण पुढच्या मीटिंगमध्ये तो बदला असं त्यांनीच सुचवलं, आणि माझ्याकडे न बघता खाली बसले.

ह्यांनी आणि मी छिन्नीनं प्लास्टर फोडून रोप काढलं. निम्मं मूळ आतच तुटलं. बागेच्या कोपऱ्यात, भिंतींपासून लांब, ते लावलं, आणि थोड्याच दिवसांत त्याची सगळी पानं गळाली. लोक येता-जाता त्या काडीकडे बघायचे, मग आमच्या बाल्कनीकडे. मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगायची, जगेल म्हणून. आत मात्र धाकधूक होती. ते मेलं असतं तर 'उन लोगों ने मार दिया' हे या कॉलनीत जन्मभर आमच्या नावावर राहिलं असतं.

रोज सकाळी पाणी घालायला खाली जायची. काही दिवसांनी बघते तर माती आधीच ओली. माळ्याचं काम असेल, म्हटलं.

एके दिवशी मी निघायच्या आतच बेल वाजली. दारात सेक्रेटरी. जिना चढून धाप लागलेली, हातात रिकामा तांब्या.

"बहनजी, नीचे चलिए. हमारे पीपल में पत्ता आया है."

मी चपला न घालताच जिना उतरले.