माझ्या मशीनचा नारळ

नारळ माझ्या हातात होता. शेंडी धरून मी तो डोक्याच्या वर नेला होता, खाली दगड ठेवलेला होता, आता आपटायचा एवढंच बाकी. तेवढ्यात दादा पुढं आले आणि त्यांनी माझ्या हातातून नारळ काढून घेतला. हिसकावला नाही. लहान पोराच्या हातातून कात्री काढून घेतात ना, तसा. वर हसले.

“राहू दे पोरी. तुमच्यात न्हाई ना चालत हे.”

मग तोच नारळ त्यांनी ओंकारला दिला. ओंकार माझ्याच वर्गातला, माझ्याबरोबरच ट्रेनिंगला आलेला. ते मशीन त्यानं एकदाही चालवलं नव्हतं. त्यानं नारळ फोडला. माझ्या मशीनसमोर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. हात आपसूक गेले, आणि त्या टाळ्यांचा राग मला अजून येतो.

दादा म्हणजे चिखलीतल्या त्या शेडचे मालक. जुन्या गावातलं घराणं. जमिनी गेल्या, तिथं शेड उभ्या राहिल्या, त्यातली एक यांची. चाकणच्या कंपन्यांना लागणाऱ्या लोखंडी ट्रॉल्या आणि रॅक तिथं बनतात. पत्रा कापायचा, वाकवायचा, वेल्डिंगनं जोडायचा. मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. ट्रेनिंग पुरं करून मालकाची सही आणली नाही तर परीक्षेला बसू देत नाहीत, वर्ष गेलंच म्हणून समजा. आणि मुलगी म्हटल्यावर शेडवाले दारातूनच वाटेला लावतात. “मॅडम, इथं लेडीज बाथरूम नाही,” हे उत्तर मी भोसरीपासून चिखलीपर्यंत प्रत्येक गेटवर ऐकलं होतं. दादांनी घेतलं. त्या उपकाराचं ओझं मी कौतुकानं वाहत होते.

पहिल्या दिवशी त्यांनी नाव विचारलं. सांगितलं. “पूर्ण सांग की.” आडनावासकट सांगितलं. “गाव कंचं?” परभणीकडचं. “गावात घर कुठल्या अंगाला?”

आता माझ्या आजोबांचं घर गावाच्या कुठल्या अंगाला होतं, याचा वेल्डिंगशी काय संबंध? पण हा प्रश्न माझ्या ओळखीचा आहे. आडनावावरून खात्री होत नाही तेव्हा लोक दिशा विचारतात. मी खरं ते सांगितलं. ते “अच्छा” म्हणाले. बाकी काही नाही. त्यानंतर मात्र माझ्याशी बोलायचं असलं की ते ओंकारला सांगायचे आणि ओंकार मला सांगायचा.

चहा आला की सगळ्यांना काचेचे ग्लास, मला कागदी कप. मी स्वतःला समजावलं, आपण चार दिवसांचे पाहुणे, म्हणून असेल. ओंकारला ग्लास होता. मग समजावलं, मुलगी म्हणून वेगळं ठेवत असतील, चांगलंच आहे की. माणूस स्वतःच्या डोळ्यांत धूळ फेकायला बसला की त्याला कुणाची मदत लागत नाही.

कारण मला काम मिळालं होतं. शेडमधला वेल्डर गावी गेला तो परतलाच नाही, आणि त्याचं मशीन रिकामं पडलं. सलीमभाईंनी मला त्यावर उभं केलं. सलीमभाई शेडमधले सगळ्यांत जुने. पत्रा कापायचं मोठं मशीन त्यांच्याकडं. त्यांनी मला वेल्डिंगची गन कशी धरायची, हात किती सावकाश न्यायचा, सगळं हात धरून शिकवलं. पहिल्यांदा सांधा सरळ आला तेव्हा हेल्मेटची काच वर करून मी तो किती वेळ बघत बसले होते! घरी जाताना बसमध्ये अंगाला लोखंडाचा वास यायचा. शेजारची बाई सरकून बसायची. मला हसू यायचं. सरक बाई, म्हणायचे मनात, ह्या वासाचा मला अभिमान आहे.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी शेडमध्ये काम नसतं. मशीनं धुऊनपुसून, त्यांना झेंडूच्या माळा, हळदकुंकू. आणि त्या शेडचा एक रिवाज होता, दादांच्या वडिलांपासूनचा. जो मशीन चालवतो त्यानंच त्याची पूजा करायची आणि त्यानंच नारळ फोडायचा. मालकानं मध्ये पडायचं नाही. कोपऱ्यातल्या ड्रिलवर नवा आलेला बिहारचा पोरगा असला तरी त्याला त्याचा नारळ मिळायचा. नारळ मिळाला म्हणजे तो माणूस शेडचा झाला, असं सगळे धरून चालायचे. आदल्या दिवशी सलीमभाई म्हणाले, “कल तेरा भी नंबर है बेटा. नया कपडा पहन के आ.”

मी नवा ड्रेस घालून गेले. मशीन घासूनपुसून लख्ख केलं. माळ मी ओवली.

आमच्या घरात देव नाहीत. आजोबांनी धर्म बदलला तेव्हा देव्हाऱ्यातले सगळे टाक नेऊन नदीत सोडले, आणि तेव्हापासून आमच्याकडं कुणी नारळ फोडलेला नाही. म्हणजे दादांचं वाक्य खोटं नव्हतं. म्हणूनच ते इतकं आत गेलं. खोटं असतं तर भांडले असते. मला देव नको होता. महिनाभर ज्या मशीनपुढं डोळे लाल करून घेतले, त्याच्यासमोर चारचौघांत उभं राहायचं होतं, बाकीच्यांसारखं. आणि नारळ फोडायचा की नाही, हे मी ठरवलं असतं. नको म्हणायचं असतं तर मी म्हटलं असतं. माझा नकारही यांनीच माझ्या वतीनं देऊन टाकला, वर हसून.

आरती झाली. मग सगळे बाहेर पत्र्याच्या सावलीत बसले, जिलेबी आणि फरसाणाच्या प्लेटा आल्या. आत जमिनीवर करवंट्या, शेंड्या, सांडलेलं पाणी, तुडवलेली फुलं. झाडणाऱ्या मावशी त्या दिवशी सुट्टीवर होत्या. मी प्लेट घ्यायला हात पुढं केला, आणि दादांनी पहिल्यांदाच ओंकारला मध्ये न घालता मला सरळ काम सांगितलं.

“पोरी, आतलं तेवढं झाडून घे आदी. करवंट्या पोत्यात भर. मग खा निवांत.”

ओंकार तिथंच बसला होता, तोंडात जिलेबी. बिहारचा पोरगा बसला होता. शिकाऊ ओंकार आणि मी दोघंही, आणि झाडू फक्त माझ्यासाठी आला. कुणीतरी तो माझ्या हातात दिलासुद्धा. म्हणजे नारळाला माझा हात चालत नाही, आणि करवंट्यांना चालतो.

मी आत गेले. दोन हात मारलेही. खरंच सांगते, मी झाडणारच होते. सही हवी होती. आईनं पै पै करून फी भरली होती. मी वाकले आणि समोर सलीमभाईंचं मशीन आलं. त्याच्यासमोरचा नारळ त्यांनी स्वतः फोडला होता, सकाळी सगळ्यांत पहिला. दरवर्षी त्यांचाच मान. मी सरळ उभी राहिले. झाडू घेऊनच बाहेर आले.

“दादा, सलीमभाईंच्यात चालतं का हे?”

फरसाण चावण्याचा आवाज थांबला. सलीमभाईंनी मान खाली घातली. दादांचं हसू गेलं नाही, तिथंच वाळलं.

“काय म्हनायचंय तुला?”

“त्यांच्यात नारळ फोडत नाहीत. तरी त्यांना दिला. त्यांचं मशीन आहे म्हणून दिला. माझं मशीन होतं. मला का नाही?”

“लई बोलाया लागलीस. आमी मुलगी म्हनून ठिवून घेतली, हे इसरू नको. झाडायचं असंल तर झाड. न्हाईतर उद्यापास्नं येऊ नको.”

मी झाडू त्यांच्या खुर्चीपाशी ठेवला. फेकला नाही, ठेवला. हेल्मेट उचललं, ते माझं स्वतःचं होतं, आणि गेटबाहेर पडले. त्यात काही शौर्य वगैरे नव्हतं.

बसस्टॉपवर सलीमभाई मागून आले. मला वाटलं, पाठीवर हात ठेवतील. ते म्हणाले, “मेरा नाम क्यूँ लिया बेटा?”

मी हेल्मेट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

“इतने साल से फोड़ता हूँ. किसी ने पूछा नहीं था, सलीम कौन है. अब अगले साल मेरे हाथ में देने से पहले वो सोचेगा.”

ते रागावले नव्हते. घाबरले होते. बस येईपर्यंत ते माझ्याशेजारी उभे राहिले. नंतर मी त्यांना फोन केला, उचलला नाही. त्यांची चूक मी कधीच काढणार नाही. पण ज्यानं मला हात धरून काम शिकवलं तो माणूस माझ्यामुळं भ्याला, हे मनातून जात नाही.

आई चाकणला एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटते. तिथं तिला सगळे ताई म्हणतात. आडनाव कुणाला माहीत नाही, आणि ते कळू नये म्हणून ती किती जपते ते मी बघत आले आहे. दापोडीच्या खोलीत ती चूल आवरून बसली होती. मी सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, “झाडलं असतंस तर काय हात झडले असते का तुझे? मी रोज झाडायले की.”

“आई, त्यांनी माझ्याकडून नारळ—”

“मला नको सांगू नारळ. आपल्याला करायचंय काय नारळाचं? सही आणायची सोडून भांडत बसलीस. आता वरीस गेलं ना?” एवढं बोलून ती रडायला लागली, आणि रडत रडतच तिनं मला जेवायला वाढलं. मला तिच्यावर रागावता येईना आणि तिच्या बाजूनंही होता येईना.

कॉलेजात ट्रेनिंगचं काम बघणारे सर आहेत. भला माणूस, असं सगळे म्हणतात. त्यांनी माझं ऐकून घेतलं, दारं-खिडक्यांकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. “हे बघ, असे विषय वाढवायचे नसतात. ते आपले जुने लोक आहेत, दरवर्षी मुलं घेतात. उद्या त्यांनी कॉलेजचीच मुलं बंद केली तर? मी फोन लावतो, तू नुसतं सॉरी म्हण. सही मी आणून देतो.”

नुसतं सॉरी. एक शब्द. माझं वर्ष, आईची फी, सगळं त्या एका शब्दावर टांगलेलं. त्यांनी फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि टेबलावरून माझ्याकडं सरकवला. पलीकडून ग्राइंडरचा आवाज येत होता. मग दादांचा, एकदम मायेनं भरलेला.

“बोल पोरी, बोल. मी काय मनात ठिवत न्हाई.”

मनात ठेवत नाही! माफ करायला तयार बसले होते. मला त्या क्षणी त्यांच्या नारळापेक्षा त्यांच्या माफीची जास्त किळस आली.

मी म्हटलं, “दादा, मी तुमच्याकडं वेल्डिंग शिकायला आले होते, ते शिकले. चूक मी केलेली नाही. सही करू नका.”

सरांनी घाईघाईनं फोन ओढून घेतला आणि त्यात स्वतःच सॉरी सॉरी म्हणत राहिले. ठेवल्यावर मला म्हणाले, “तुझ्यासारख्यांसाठी काही करायला जावं तर हे असं.” तुझ्यासारख्यांसाठी. तेही बोलून गेले.

सही आली नाही. परीक्षेच्या यादीत माझं नाव नाही. ओंकारचं आहे, आणि तो मला कॉरिडॉरमध्ये टाळतो. आई अजून मोजकंच बोलते. दादांच्या शेडला काही झालेलं नाही, ट्रॉल्या चाकणला जातात तशाच जात असतील. माझ्या एका नकारानं कुणाचं काही अडलं नाही, हे मला पक्कं कळलंय. पुढच्या वर्षीही काही अडणार नाही.

पुढच्या वर्षी मी पुन्हा गेटं हिंडणार आहे. कुठली शेड, माहीत नाही. बहुतेक ठिकाणी नाहीच म्हणतील. पण आता कुणी दिशा विचारत बसायची गरज नाही. आत पाय टाकण्याआधी मीच सांगणार, मी कोण, कुठल्या वस्तीतली, आणि मला काय काम येतं ते. घ्यायचं तर वेल्डर म्हणून घ्या. उपकार म्हणून घेणार असाल तर मला आत बोलावू नका. वर्ष आणखी एक जाईल. जाऊ दे.