आत्याची उंची

आमच्या शेजारच्या घरात, बाहेरच्या खोलीच्या भिंतीला टेकून, साडेचार फुटांची एक फळी उभी आहे. जुन्या दाराच्या चौकटीचा तो उभा तुकडा आहे, काचेसारख्या स्वच्छ रेझिनमध्ये ओतून बंद केलेला. आत फिक्कट पिवळा ऑइलपेंट दिसतो, त्यावर पेन्सिलीच्या सात आडव्या रेघा आणि प्रत्येक रेघेशेजारी वर्ष. फळी मी केली. रेघाही मीच मारल्या. खालच्या तीन अंदाजाने बऱ्या आहेत. वरच्या चार खोट्या आहेत.

हे पाच वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. ज्याला आधी सांगायला हवं होतं तो मित्र गेल्या वर्षी गेला.

लालबागच्या जुन्या चाळीत आमची दारं समोरासमोर होती. तो मूळचा मालवणकडचा, गिरणी बंद पडल्यावर एका बँकेत शिपाई म्हणून लागला. मी परळच्या एका कारखान्यात पॅटर्नमेकर होतो. म्हणजे लोखंड ओतायच्या आधी त्या भागाचा लाकडी नमुना करणारा सुतार. माप चुकलं तर पुढचं सगळं ओतकाम भंगारात जातं, म्हणून चाळीत मला ‘पाव मिलिमीटर’ म्हणत. मला ते आवडायचं.

त्याच्या घरी एक पद्धत होती. पाडव्याला गुढी उभारून झाली की मुलीला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं करायचं, डोक्यावर पाटी आडवी धरायची आणि रेघ मारायची. तिसऱ्या वर्षापासून नवव्यापर्यंत सात रेघा झाल्या. त्या पावसाळ्यात तीन दिवसांच्या तापात मुलगी गेली. नंतर चाळीला दोनदा रंग लागला. दोन्ही वेळा वहिनी, म्हणजे त्याची बायको, चौकटीपुढे खुर्ची टाकून बसून राहिल्या. रंगाऱ्याने तेवढी चौकट सोडून दिली.

चाळ पाडून आम्हाला जवळच्याच तयार टॉवरमध्ये शेजारी शेजारी घरं द्यायचं ठरलं, तेव्हा मी निवृत्त होऊन रेझिनच्या नादाला लागलो होतो. फळ्यांच्या मधल्या फटीत निळं रेझिन ओतून केलेली टेबलं लोअर परळच्या हापिसांत जायची. तिथल्याच एका गाळ्यात, पत्र्याखाली, माझं काम चाले. चाळ रिकामी करायच्या आठवड्यात मित्र आला.

“चौकटीचं काय करता येईल रे?”

“कापून आणू. रेझिनमध्ये ओततो. शंभर वर्षं पेन्सिल पुसणार नाही.”

“हात लावता आला पाहिजे हिला.”

“लाव ना. वरून काचेसारखं होतं.”

“तुका काय सांगूचा,” तो म्हणाला. “तू मापाचो माणूस. ह्यां एकच काम नीट कर.”

चौकटीचे दोन्ही उभे खांब मी स्वतः सोडवून आणले. एकावर रेघा, दुसरा कोरा. कोऱ्याचं स्टॅण्ड करायचं मनात होतं.

आता जे झालं ते जसंच्या तसं लिहितो. मी स्वतःलाही पुष्कळ दिवस सांगत आलो की घाई होती म्हणून झालं. घाई नव्हती. नव्या घराच्या वास्तुशांतीला एक महिना होता.

जाड ओतायचं रेझिन सावकाश घट्ट होतं. दोन द्रव मिसळले की आतून ऊब सुटते, आणि थर जितका जाड तितकी ती ऊब आत कोंडते. म्हणून डब्यावर लिहिलेलं असतं, एका वेळी दोन इंचांपेक्षा जास्त ओतू नका, पहिला थर बसला की मग दुसरा. मला साडेतीन इंच हवे होते. दोन थर केले तर कधी कधी मध्ये केसाएवढी रेघ दिसते, तिरकं पाहिलं तरच. ती रेघ मला नको होती. पेन्सिलीच्या रेघांच्या जवळ माझ्या कामाची रेघ दिसू नये, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे ते काम बघून लोकांनी ‘वा’ म्हणावं, एवढंच होतं. आणखी एक. आधी ब्रशने रेझिनचा पातळ हात मारून तो जुना रंग धरून ठेवायला हवा होता. ब्रशने पेन्सिल फिस्कटेल म्हणून तोही मारला नाही.

भर मे महिना. धूळ बसू नये म्हणून पंखा बंद. दुपारी दोन वाजता मी साडेतीनच्या साडेतीन इंच एकदम ओतलं.

सुरुवातीला फार सुंदर दिसलं. पाण्याखाली ठेवल्यासारख्या सात रेघा, मित्राचं जाडं अक्षर. तासाभराने साच्याला हात लावला तर गरम. आणखी थोड्या वेळाने हात ठेववेना. पंखा लावला, बर्फाच्या लाद्या आणून साच्याच्या बाजूंना लावल्या. लाकडातून बुडबुडे येऊ लागले. मग तो रंग सुटला. तीस वर्षांचा ऑइलपेंट भाजलेल्या पापडासारखा फुगला, तुटला, आणि त्याच्या चकत्या रेझिनमध्ये वर वर येऊ लागल्या. एका चकतीवर अर्धी रेघ होती. दुसरीवर वर्षाचे दोन आकडे. मी हातमोजा घालून आत हात घातला. काय धरणार होतो, माहीत नाही. मधासारखं घट्ट झालेलं सगळं हाताबरोबर ओढलं गेलं आणि ज्या जागी होतं तेही हललं. मग धूर आला, रेझिन पिवळं पडत गेलं, आणि कडकडून तडे गेले.

मी खाली फरशीवर बसलो. मनात एकच, की मोजलं का नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नट-बोल्टांची मापं वहीत लिहिली, आणि ह्या सात रेघांवर टेप धरला नव्हता. मोबाइलमध्ये एक फोटो होता, खांब गाळ्यात आणला त्या दिवशीचा, तिरका. त्यात खालच्या तीनच रेघा आल्या होत्या.

तेव्हाच उठून लालबागला मित्राकडे जायला हवं होतं. मी मात्र कोऱ्या खांबाकडे पाहिलं.

रंग तोच, जुनेपणा तोच. फोटोवरून तीन रेघा बसवल्या. मग वरच्या चार. मूल वर्षाला किती वाढतं? मला ती उंच आठवत होती. आमच्या दाराची वरची कडी ती काढायची, एवढं पक्कं डोक्यात होतं. पाय उंचावून काढायची की स्टुलावर चढून, ते आठवेना. मी चारचार बोटांवर रेघा मारत गेलो. मित्राचं अक्षर फोटोत बघून गिरवलं. ह्या वेळी पातळ हात मारला, दोन थर केले, तीन-तीन दिवस थांबलो. काम उत्तम झालं. जळालेला ठोकळा करवतीने कापला आणि गोणीत भरून कचऱ्याच्या गाडीत टाकला.

वास्तुशांतीच्या दिवशी मित्राने चष्मा लावून फळी बघितली.

“अक्षर माझंच,” तो म्हणाला. “पण मी एवढं सरळ कधी लिहायचो रे?”

“तरुण होतास.”

तो हसला. वहिनींनी वरच्या रेघेवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळल्या.

“एवढी होती, नाही भाऊजी?”

मी “हो” म्हणालो. रेघा मारल्या तेव्हा मी घाबरलेलो होतो, एवढं तरी म्हणता येईल. ह्या “हो”ला तेवढीही सबब नाही.

ती फळी नुसती भिंतीला राहिली असती तर कदाचित मी हे सगळं घेऊनच गेलो असतो. पण त्यांच्या धाकट्या मुलाची, म्हणजे गेलेल्या मुलीच्या भावाची, मुलगी मोठी होऊ लागली आणि वहिनींनी पाडव्याची पद्धत पुन्हा सुरू केली. नातीला फळीला पाठ लावून उभं करायचं, आत्याच्या त्याच वयाच्या रेघेशी ताडून बघायचं. पाचव्या वर्षी ती बरोबरीत होती. सहाव्या वर्षी बोटभर कमी. सातव्या वर्षी दोन बोटं. मग दुधात पावडरी आल्या, दाराला लोंबकळायची दांडी आली. डॉक्टरने हाताचा एक्स-रे काढून सांगितलं, मुलगी ठणठणीत आहे. वहिनींना पटलं नाही. “आमच्यात कोणी बुटकं नाही. आत्या बघा तिची.”

ह्या पाडव्याला मी तिथेच होतो. आठ वर्षांची ती पोर फळीला टेकून उभी राहिली, मान ताणून.

“पायात मोजे कशाला गं?” वहिनी म्हणाल्या.

“थंडी वाजते.”

“चैत्रात? काढ बघू.”

“नको ना आजी.”

वहिनींनी वाकून मोजा ओढला. आतून घडी घातलेले दोन रुमाल पडले, टाचेखाली ठेवलेले. दुसऱ्या मोज्यातही दोन.

“अगं, आत्यासारखं व्हायचंय ना तुला?”

“मला नाही व्हायचं. आत्या मेली.”

वहिनींनी चारही रुमाल गोळा केले. श्रीखंडाची वाटी माझ्या हातात देताना हळूच म्हणाल्या, “मोठ्या डॉक्टरकडे नंबर लावलाय. उंचीची इंजेक्शनं असतात म्हणे. रोज टोचायचं, पण काय करणार?”

मी श्रीखंड खाल्लं. घरी आलो. त्यानंतर नऊ दिवस गप्प राहिलो, हेही लिहिलं पाहिजे. रोज त्यांच्या दारापर्यंत जायचो आणि लिफ्टमध्ये शिरायचो. नंबर होता त्याच्या आदल्या दिवशी सकाळी बेल दाबली.

वहिनी लसूण सोलत बसल्या होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले नाहीत. बोलून झालं तेव्हा ताटलीत सोललेल्या पाकळ्यांचा ढीग झाला होता.

“कुठल्या रेघा खऱ्या?”

“खालच्या तीन. जवळपास.”

“जवळपास,” त्या म्हणाल्या. “आणि ती जळकी कुठे आहे?”

“टाकली.”

“कुठे टाकली?”

“कचऱ्याच्या गाडीत.”

त्यांनी सुरी खाली ठेवली. “तुकडे तरी आणून द्यायचे, भाऊजी. तुकडे चालले असते मला.”

तुकडे चालतील, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी कामाचा विचार करत होतो.

“ह्यांना माहीत होतं?”

“नाही.”

“मग सुटले ते.”

त्यांनी मुलाला फोन लावला, उद्याचा नंबर रद्द कर म्हणाल्या, कारण सांगितलं नाही. मी निघालो तर म्हणाल्या, “बसा. पोर शाळेतून येईल. तिला तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार.”

दीड तास आम्ही दोघं त्या खोलीत बसलो. पोर आली, दप्तर टाकलं. मी तिला फळीजवळ नेलं आणि सांगितलं की ह्या वरच्या रेघा आत्याच्या नाहीत, मी मारलेल्या आहेत, चुकून नाही, जाणूनबुजून.

“का?”

“खऱ्या माझ्या हातून जळाल्या. सांगायची भीती वाटली.”

तिने थोडा विचार केला. “म्हणजे मी बुटकी नाहीये?”

“नाहीस.”

“मग आत्या केवढी होती?”

मी हात वर केला. किती वर न्यायचा ते कळेना. हात हवेतच राहिला.

वहिनी उठून आल्या. त्यांनी आपला तळवा स्वतःच्या छातीशी आडवा धरला. “इथे लागायचं डोकं. वेणी घालताना.” मग तळवा बोटभर वर नेला. मग परत खाली. “नाही. इथे.” त्या भिंतीला पाठ लावून ताठ उभ्या राहू लागल्या, पण पाठीचा वरचा भाग काही भिंतीला टेकेना.

“मी पण वाकलेय आता,” त्या म्हणाल्या, आणि हात सोडून दिला.