विषय : रेव्ह पार्टीस परवानगी मिळणेबाबत

आंबेकर बाईंमुळे मी पदवीधर झालो आणि आंबेकर बाईंमुळेच मला पोलीस चौकीत नेण्यात आलं. पहिल्या कामाला बाईंना सहा वर्षं लागली. दुसरं एका ओळीत झालं.

बाई लांज्याच्या शाळेत आम्हाला मराठी शिकवायच्या. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं (काका चढला होता, पण गेटला रंग द्यायला). शिष्यवृत्तीचा पहिला अर्ज बाईंनी माझ्याकडून सात वेळा लिहून घेतला. "महेश, अर्जाचा विषय एका ओळीत हवा आणि खरा हवा. वाचणाऱ्याला तिथेच कळलं पाहिजे, या मुलाला काय हवंय!" शिष्यवृत्ती मिळाली. मी डोंबिवलीत, कोपरला मामाकडे राहून शिकलो आणि आता नौपाड्यात एका वकिलांच्या ऑफिसात बसून दिवसभर लोकांचे अर्ज लिहितो. जो काही आहे तो बाईंमुळे आहे. (हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. पुढचं वाचून तुम्हाला बाईंचा राग येईल, पण चूक माझी आहे.)

मामाचा मुलगा रोहन रेव्ह प्रमोटर आहे. हे त्याच्या कार्डावर छापलेलं आहे. मामा शेजाऱ्यांना "तो इव्हेंटमध्ये आहे" म्हणून सांगतो आणि मामी "अजून बघतोय" म्हणून सांगते.

"रेव्ह म्हणजे नक्की काय रे?" मामाने एकदा जेवताना विचारलं.

"पप्पा, सिंपल आहे. रविवारी दुपारी दोन ते सात. दारू नाही, सिगारेट नाही, कोकम सरबत. लोक येणार, म्युझिकवर नाचणार, घाम गाळणार, घरी जाणार."

"म्हणजे व्यायाम," मामी म्हणाली.

"रविवारी दुपारी? लोक झोपत नाहीत?" मामाला हा खरा गुन्हा वाटला. मग त्याने ताट बाजूला सारून अट घातली. "एक कार्यक्रम कर. पण रीतसर! परवानगीचा कागद माझ्या हातात ठेव, मी तोंडातून शब्द काढणार नाही. कागद मिळाला नाही, तर सोमवारपासून विठ्ठलवाडीला चव्हाणांच्या गाळ्यात. रबराचे वॉशर बनवायचे. रीतसर."

रोहनने आजवर केलेल्या कार्यक्रमांत 'रीतसर' हा प्रकार नव्हता. तो माझ्याकडे आला. घरातला एकमेव पदवीधर, त्यात वकिलांकडे नोकरी, त्यात आंबेकर बाईंचा विद्यार्थी! मी कोरा कागद घेतला, समास सोडला आणि लिहिलं : 'विषय : रेव्ह पार्टीस परवानगी मिळणेबाबत.'

"दादा, रेव्ह नको ना लिहूस."

"मग काय आहे ते?"

"आहे रेव्हच. पण भाई, सीन समज ना..."

"आहे ना? मग विषय खरा हवा."

परवानग्या देणाऱ्या ऑफिसात 'एक खिडकी' योजना आहे. खिडकी खरोखरच एक आहे. तिच्यामागे सात टेबलं आहेत आणि प्रत्येक टेबल पुढच्या टेबलाकडे बोट दाखवतं. त्या दिवशी मात्र मला वेगळाच अनुभव आला. पहिल्याच टेबलावरच्या राणे मॅडमनी अर्जाची पहिली ओळ वाचली आणि उभ्या राहिल्या. मला खुर्ची दिली. पाणी दिलं! "बसा हं, हलू नका," असं प्रेमाने म्हणाल्या आणि आत फोन करायला गेल्या. चांगल्या मराठीचा असा मान पाहून मला भरून आलं. भरलेल्या डोळ्यांनी मी वर पाहिलं, तर दोन हवालदार उभे!

चौकीतल्या साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. एकदा स्वतःसाठी आणि एकदा मोठ्याने, सगळ्या स्टाफसाठी.

"बारा वर्षं मी रेव्ह पार्ट्यांच्या मागे फिरतोय. डोंगरात गेलो, फार्महाऊसवर गेलो, खाडीच्या चिखलात गुडघाभर गेलो. रेव्ह पार्टी स्वतः रिक्षा करून ऑफिसात आली, असं आज पहिल्यांदा बघतोय! आणि खाली काय लिहिलंय? 'आपला विश्वासू'!"

स्टाफ हसला. मी कोकम सरबताचा मुद्दा मांडला. साहेबांनी माझी बोटं, डोळे आणि टिफिन तपासला, टिफिनमध्ये मामीची वालाची उसळ निघाली, आणि प्रकरण तिथे मिटलं. निघताना म्हणाले, "शुद्धलेखन मात्र चांगलं आहे. आमच्याकडे पंचनामे लिहायला येता का?"

दुसऱ्या अर्जात मी रेव्हचं मराठी केलं : 'इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा कार्यक्रम.' राणे मॅडमनी पेन उचललं.

"इलेक्ट्रॉनिक म्हणजे विजेचा दाखला लागणार. नृत्य म्हणजे नाचणाऱ्यांची यादी, आधार कार्डासकट. कोण नाचणार?"

"प्रेक्षक."

"आणि बघणार कोण?"

"कोणी नाही. सगळे नाचणार."

"बघणारं कोणीच नाही? मग कार्यक्रम कोणासाठी?"

मी पुन्हा कोकम सरबताचा मुद्दा मांडला.

"बरं, गाण्यांचे शब्द जोडा. काही आक्षेपार्ह आहे का बघावं लागतं."

"शब्द नसतात त्यात."

"शब्द नसले तरी संहिता लागते!"

मग काय, रोहन पलंगावर बसून तोंडाने वाजवू लागला आणि मी लिहून काढू लागलो. चौदा पानं! 'धब् धब् धब् धब्, (थोडी शांतता), टिस्, धब् धब्.' बाईंनी शिकवलेले पाय मोडके 'ब' मी एका रात्रीत आयुष्यभराचे लिहिले. राणे मॅडमनी चौदाही पानं वाचली. अगदी मन लावून. आठवड्याने शेरा आला : 'आक्षेपार्ह काही नाही. तथापि द्विरुक्ती टाळावी.'

इतकं होऊनही फाईल सहाव्या टेबलावर अडकली, कारण कार्यक्रमांच्या छापील यादीत आमच्या प्रकाराला रकानाच नव्हता. रविवार दहा दिवसांवर आला. रोहन हल्ली घरातल्या नळाच्या वॉशरकडेही टक लावून बघत बसायचा.

तोडगा काढला लॉनवाल्या म्हात्रेकाकांनी. आमचा कार्यक्रम त्यांच्याच लॉनवर होता. सगळी कथा ऐकून ते पोट धरून हसले.

"आरं शिकलेल्या, हलद लिव ना! दोन माळ्यांएवढे स्पीकर लागतान आमचे गावान हलदीला. नाय कोन बोललाय कधी?"

हळद! यादीतला पहिलाच रकाना. तोच आवाज, तेच नाचणं, तेच 'बघणारं कोणीच नाही'. फक्त एक नवरदेव आणि एक लग्नपत्रिका जोडायची. नवरदेव म्हणून रोहन चालेना, तो आयोजक होता. मामाने माझ्याकडे पाहिलं.

"महेशचं नाव टाक. एकतिसावं सरत आलं, नाहीतरी कोण विचारतंय?"

"मामा, हे खोटं होईल."

"दादा," रोहन हळूच म्हणाला, "वॉशर."

त्या पोराच्या चेहऱ्याकडे बघून मी आयुष्यातला पहिला खोटा विषय लिहिला : 'माझ्या हळदी समारंभास परवानगी मिळणेबाबत.' मनाच्या समाधानासाठी पत्रिकेत तरी खरं टिकवावं म्हणून मी रेव्हचा 'ह' काढून काना लावला. 'चि. महेश आणि चि. सौ. कां. रेवा.' म्हटलं, निम्मं तरी खरं!

परवानगी अकरा मिनिटांत मिळाली. राणे मॅडमनी अभिनंदनही केलं. "बघा, लग्न ठरल्यावर माणूस कसा मार्गाला लागतो."

ऑफिसला पत्रिकेची एकच प्रत हवी होती. छापखानेवाला पन्नासच्या खाली छापत नव्हता. उरलेल्या एकोणपन्नास मामाने कपाटात ठेवल्या. मामी तेव्हा कल्याणला बहिणीकडे होती. तिला मामाने सांगितलं असेल, असं मला वाटलं. मी सांगितलं असेल, असं मामाला वाटलं. रोहनला काही वाटलंच नाही. मामीने येऊन कपाट उघडलं, पत्रिका पाहिल्या, 'पोरगं लाजतंय' असा निष्कर्ष काढला आणि कुंकू लावून, अक्षता घालून सगळ्या लांज्याला पाठवून दिल्या.

शुक्रवारी आईचा फोन. "बाप मेला म्हणून आईलाही सांगू नये?"

"आई, अगं ते लग्न खोटं आहे."

"खोटं कसं? पत्रिकेत आहे."

"पत्रिका पण खोटी आहे!"

"गप बस. तू अर्जात खोटं लिहीत नाहीस, पत्रिकेत लिहिशील?"

आत्याला फोन केला, काकाला केला, सरपंचांना केला. सगळ्यांचं एकच उत्तर : महेश खोटं लिहीत नाही! चौदा वर्षं जपलेली अब्रू अशी ऐनवेळी आडवी आली.

रविवारी दोन वाजता लॉनवर काळे टीशर्ट घातलेली दीडशे पोरं आली आणि सव्वादोनला दोन मिनी बसमधून बासष्ट नातेवाईक उतरले. पाट, मुसळ आणि वाटलेल्या हळदीचा डबा घेऊन.

"नवरी कुठाय रे?" आत्याने आल्या आल्या विचारलं.

"तिची हळद तिच्याकडे," मामीने परस्पर उत्तर दिलं.

मला पाटावर बसवलं. रोहनने सुरू केलं. धब् धब् धब् धब्! (पान पहिलं.) त्या ठेक्यावर पाच सुवासिनी मला हळद लावू लागल्या. काळ्या टीशर्टवाल्यांना वाटलं ही थीम आहे. "काय लेव्हल आहे ब्रो!" म्हणत तेही हळदीच्या रांगेत उभे राहिले. आत्या टिस्वर टाळी देत होती. नवव्या पानापर्यंत काका कानांत बाल्या घातलेल्या दोन पोरांच्या खांद्यावर होता.

आणि साडेतीनला जीप थांबली. चौकीतले साहेब! रोहनचा हात बटणावर गोठला. मामा परवानगीचा कागद छातीशी धरून पुढे झाला. साहेबांनी कागद वाचला. मग पिवळीधमक गर्दी पाहिली, पाट पाहिला, मुसळ पाहिलं, कोकम सरबताचा वास घेतला आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले. माझ्या चेहऱ्यावर ओळखू येईल असं काही उरलं नव्हतं. तरी त्यांनी ओळखलं.

"तुम्हीच ना ते, 'आपला विश्वासू'?"

मी मान हलवली. आता सगळं संपलं. वॉशर, विठ्ठलवाडी, कदाचित कोठडी! तेवढ्यात आईने पुढे होऊन साहेबांच्या दोन्ही गालांना हळद फासली. "घ्या ओ, तुम्ही पोराकडचेच ना?"

साहेबांनी पुन्हा एकदा कागदाकडे पाहिलं. मग हवालदाराला म्हणाले, "लिहा. हळद आहे. खात्री केली." आणि गालाला हात लावत जीपकडे गेले.

कार्यक्रम सात वाजता, रीतसर, संपला. मामाने परवानगीचा कागद फ्रेम करून देवघराशेजारी लावला. रोहन वाचला. माझी बातमी तेवढी शिल्लक राहिली. आईला खरं पटायला तीन दिवस लागले, आणि त्यानंतर तिने माझ्याशी बोलायचं सोडलं ते आजवर. चौथ्या दिवशी लांज्याहून पार्सल आलं. गुडघ्यांमुळे येता आलं नाही म्हणून आंबेकर बाईंनी हिरव्या काठाची साडी पाठवली होती. सोबत चिठ्ठी : 'रेवा म्हणजे नर्मदा. सुरेख नाव आहे. तिला अर्थ सांग. आणि महेश, तू कुणाशी खोटं वागणार नाहीस, हे तिला मी वेगळं सांगायची गरज नाही.'

ती चिठ्ठी वाचून मी गच्चीवर जाऊन बसलो. खाली आलो तेव्हा आधी कागद घेतला आणि हे पाठवलं :

प्रति,
आदरणीय आंबेकर बाई, लांजा.

विषय : माझा विवाह झालेला नसल्याबाबत.

महोदया,

वरील विषयास अनुसरून कळवतो, की रेवा अस्तित्वात नाही. ती मूळची रेव्ह होती, काना मी लावला. आपण मला सात वेळा अर्ज लिहायला लावून जे शिकवलं, ते मी एका दुपारी विसरलो. रोहनचं भलं झालं, पण त्यासाठी आपलं नाव खर्ची पडलं, याची लाज वाटते. सात वेळा लिहिण्याची शिक्षा मी स्वतःच घेतली. ही सातवी प्रत आहे.

साडी सोबत परत पाठवत होतो. मामीने काढून ठेवली. 'कुणी ना कुणी रेवा मिळेल' असं तिचं म्हणणं आहे. पात्र उमेदवार आपल्या पाहण्यात असल्यास कळवावे. नावाची अट नाही.

रोहन पुढचा रेव्ह करणार आहे. हळदीचा रकाना वापरून झाल्यामुळे तो आता यादीत खाली 'बारसे' यावर बोट ठेवून बसला आहे. मी ठाम नकार दिला आहे. तरीही पत्रिका आपल्यापर्यंत आलीच, तर कृपया झबलं पाठवू नये.

आपला विश्वासू
(हा शब्द आपण शिकवलेल्या नमुन्यात आहे म्हणून लिहिला. शब्दशः घेऊ नये.)
महेश