वनमालाबाईंनी बंद केलेलं पोस्ट

वनमाला गायसमुद्रे यांनी आमच्या नांदूरखडीचं पोस्ट साडेपाच तास बंद ठेवलं, त्या दिवशी मी रांगेत पाचवा होतो. त्यांच्यावर चिडलेल्या माणसांत मीही होतो, हे आधीच सांगून टाकतो. नोव्हेंबर महिना होता, मला हयातीचा दाखला रवाना करायचा होता, आणि निवृत्त मास्तराला स्वतःच्या वेळेची फार किंमत वाटते.

आमचं गाव केजपासून जीपनं पाऊण तासावर, मांजरेच्या काठाला. पोस्टात तीन माणसं. पोस्टमास्तर माणिकराव, पोस्टमन समाधान आणि खिडकीवर बसणाऱ्या वनमालाबाई. बाई आमच्या गावातल्याच, बुद्धवाड्यातल्या. आधी शेजारच्या खेड्यात डाक सेवक होत्या, मग खात्याची परीक्षा देऊन इथं आल्या. नवरा नाही, एक मुलगी, संस्कृती, अकरावीला. कामाला चोख, बोलायला कमी. कुणी चुकीचा पिनकोड लिहून आणला तर पाकीट परत सरकवायच्या आणि पेन पुढं करायच्या.

दोन वर्षांपूर्वी त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी एका प्रशिक्षणाला धाडलं होतं. संशयास्पद टपाल कसं ओळखायचं, असा विषय. शिकवणारे साहेब घाईत होते. टपालातून अँथ्रॅक्सचे जंतू पाठवता येतात, असं त्यांनी सांगितलं. बाईंनी उठून विचारलं, "त्याला मराठीत काय म्हणतात?" साहेबांना सांगता आलं नाही. बाकीचे हसले आणि चहाची सुट्टी झाली.

बाईंनी परत आल्यावर ते गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात जाऊन विचारलं. तिथल्या डॉ. सुकन्या म्हणाल्या, "फाशी. बैल फुगून मरतो, नाकातोंडातून काळं रक्त येतं, तो रोग. माणसाला कातडीवर होतो तेव्हा काळपुळी म्हणतात."

बाई तिथंच बाकावर बसल्या. हा रोग त्यांच्या घराला माहीत होता. त्यांचे वडील सटवा लहान असताना वस्तीवर मेलेली जनावरं ओढायचं काम होतं. छप्पन्न सालानंतर वस्तीनं ते टाकून दिलं. त्याच्या आदल्या वर्षी सटवाचा चुलता त्रिंबक एका फुगलेल्या बैलाचं कातडं सोलून आला. आठवड्यात त्याच्या मनगटावर कोळशासारखा काळा फोड आला. दुखत नव्हता, म्हणून त्यानं कुणाला दाखवला नाही. पंधराव्या दिवशी तो गेला. सटवानं ही गोष्ट मुलीला इतक्यांदा सांगितली होती की तिला त्या न पाहिलेल्या चुलत आजोबाचं मनगट डोळ्यांसमोर दिसायचं.

मग बाईंनी प्रशिक्षणातला इंग्रजी कागद डॉक्टरांकडून समजून घेतला, मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिला आणि पोस्टाच्या भिंतीवर चिकटवला. महिनाभरात माणिकरावांनी तिथं विम्याची जाहिरात लावली. बाईंचा कागद तोवर पाठ झाला होता.

त्या दिवशी दहाच्या सुमारास टपालाची थैली आली. समाधान टेबलावर एकेक पाकीट घेऊन शिक्का मारत होता. त्यात एक जाड खाकी पाकीट होतं. वर मार्करनं, कुणीतरी डाव्या हातानं लिहावीत तशी अक्षरं: 'मंडळ अधिकारी, नांदूरखडी'. नाव नाही, पाठवणाऱ्याचा पत्ता नाही, गरजेपेक्षा दुप्पट तिकिटं, आणि चारी बाजूंनी चिकटपट्टी गुंडाळलेली. बाईंची नजर गेली. "समाधान, ते बाजूला ठिव," त्या म्हणेपर्यंत शिक्का पडला होता. कोपरा उसवला आणि पांढरी भुकटी भुरभुरत टेबलावर, समाधानच्या बोटांवर, शर्टावर पडली.

समाधान हात झटकायला गेला.

"झटकू नको," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण मी खिडकीबाहेर असून दचकलो. "पाकीट हाय तसंच खाली ठिव. हळू. वास घिऊ नको, तोंडाला हात लावू नको."

त्यांनी आधी पंखा बंद केला. रद्दीचा पत्र्याचा डबा रिकामा करून पाकिटावर अलगद उपडा घातला. खिडक्या ओढून घेतल्या. माणिकराव चष्मा वर करून बघत होते.

"काय चाललंय बाई? पावडर हाय. कुनीतरी अंगाला लावायची धाडली आसंल."

"आसंल, साहेब. पण ते मला म्हाईत न्हाई आन तुमाला बी म्हाईत न्हाई. भाईर चला."

"आन ही माणसं? रांग हाय."

"त्यांना बी भाईर."

सगळ्यांना बाहेर काढून त्यांनी दाराला कुलूप लावलं. पोस्टाच्या मागं नळ आहे, पण साबण नव्हता. समोरच्या दुकानातून वडी मागवली. समाधानला कोपरापर्यंत हात धुवायला लावले, स्वतःचे धुतले, माणिकरावांना धुवायला लावले. मग समाधानला म्हणाल्या, "शर्ट काढ. डोक्यावरनं ओढू नको, बटनं सोड."

समाधान लाजला. नुकतंच लग्न झालेला मुलगा, रस्त्यावर बायका उभ्या. पण त्यानं शर्ट काढला, बाईंनी धरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत टाकला, आणि पिशवीचं तोंड त्यांनी गाठ मारून बांधलं. बनियनवर तो पारावर जाऊन बसला. मग बाईंनी वहीचं पान फाडलं आणि आत किंवा खिडकीशी जे जे होते त्यांची नावं, फोन नंबर लिहून घेतले.

साडेदहाला त्यांनी ११२ ला फोन लावला. पलीकडच्या माणसानं विचारलं, भांडण आहे का, कुणी जखमी आहे का. नाही म्हटल्यावर तो म्हणाला, मग नेमकं काय आहे. बाईंनी तीनदा सांगितलं. गावच्या आरोग्य केंद्रात लावला, तर डॉक्टर बैठकीला गेलेले, आणि फोन घेणारा म्हणाला, "आमच्याकडं त्याचं काय बी न्हाई. पोलिसाला इचारा." वरच्या कार्यालयात लावला. तिथून सांगितलं की लेखी कळवा.

"कागद आत कुलपात हाय," बाई म्हणाल्या. फोन ठेवला गेला होता.

पाऊण तासानं जमादार आदिनाथ मोटारसायकलवरून आले. चांगला माणूस, पण त्यांना गावातल्या प्रत्येक गोष्टीचा शेवट आधीच माहीत असतो.

"उघडा कुलूप. वास घेतला की कळतंय कशाची हाय ते."

"वासच घ्यायचा न्हाई, जमादार. तेच्यासाठीच तर कुलूप लावलंय."

"आवो बाई, मी ईस वर्सं हातभट्टी वासावर वळखतो."

"ही हातभट्टी न्हाई."

आदिनाथांनी ठाण्यातल्या साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, पाकीट पिशवीत घालून मोटारसायकलवर ठाण्यात आणा. बाईंनी किल्ली कमरेला खोचली आणि दाराच्या पायरीवर बसल्या. "आनायचं तर मला उचलून बाजूला करा," एवढंच म्हणाल्या. आदिनाथ डोकं खाजवत राहिले.

तोवर गर्दी चाळीस-पन्नासची झाली होती. बायनाबाई म्हातारी आधारच्या कामासाठी वस्तीवरून चालत आली होती, ती शिव्या देत होती. मागं कुणीतरी म्हणालं, "आसली माणसं खुर्चीवर बसवल्यावर काय व्हनार दुसरं." 'आसली' म्हणजे कसली, ते सगळ्यांना कळलं. बाईंनाही कळलं. त्यांनी मान वळवली नाही.

आणि मी पुढं झालो. तो बोलणारा गप्प बसावा म्हणून नाही. मी म्हणालो, "बाई, सरकारी काम अडवायचा अधिकार कुणी दिला तुम्हाला? भुकटी बघून एवढा तमाशा?"

त्यांनी वहीच्या पानाकडं बघितलं. "गुरुजी, तुमचं नाव पाचवं हाय. घरी जाऊन साबनानं आंगूळ करा. ही कापडं येगळी बांधून ठिवा. ताप आला, खोकला आला, न्हाईतर कातडीवर काळा फोड आला तर दुखत नसला तरी डाक्टरला दाखवा. दुखत नसला तरी, ध्यानात ठिवा."

मी तणतणत घरी गेलो. आंघोळ मात्र केली.

पुढचं मला समाधाननं सांगितलं. बाराला बाईंनी शेवटी जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. आपण कुठं फोन करावा आणि कुठं करतोय, याचं त्यांना रडू येत होतं. डॉ. सुकन्या एका म्हशीचं बाळंतपण आटोपून तशाच स्कूटरवर आल्या. त्यांनी पहिल्यांदा नीट विचारलं: किती सांडली, पंखा चालू होता का, कुणाच्या अंगावर गेली, कुणी वास घेतला का. मग आदिनाथांच्या फोनवरून साहेबांशी बोलल्या, जिल्ह्याच्या साथरोग अधिकाऱ्यांचा नंबर शोधला, त्यांच्याशी बोलल्या. सगळं तेच सांगितलं जे बाई सकाळपासून सांगत होत्या. या वेळी लोकांनी ऐकलं.

"मी बोलले तवा कावून ऐकलं न्हाई?" बाईंनी विचारलं.

"माझ्या नावापुढं डॉक्टर आहे," सुकन्या म्हणाल्या. "जनावरांची का असेना."

साडेतीनला जिल्ह्याहून गाडी आली. अंगभर पांढरे पोशाख घातलेली दोन माणसं आत गेली, पाकीट दुहेरी पिशवीत बंद करून, शर्टाची पिशवी घेऊन, टेबल-फरशी औषधानं पुसून गेली. जाताना सोबत आलेल्या अधिकाऱ्यांनी सांगितलं, तपासणी होईल, कळवू. तोवर तब्येतीकडं लक्ष ठेवा.

मग वाट बघणं सुरू झालं. समाधानची आई सरूबाई रोज पोस्टात येऊन बाईंना विचारायची, माझ्या लेकराला काय व्हईल का. बाई रोज एक फोन करायच्या. आरोग्यवाले म्हणायचे, अहवाल पोलिसांकडं जाईल. पोलीस म्हणायचे, अजून आला नाही, आला तरी तो गोपनीय असतो. समाधान रात्रंदिवस हाताकडं बघायचा. डासानं चावलं तरी पळत यायचा. बाईंनी घरात ताट वेगळं केलं, अंथरूण वेगळं केलं. संस्कृती चिडली.

"डाक्टर म्हनल्यात हे मानसाकडनं मानसाला होत न्हाई. मग तू कावून येगळी जेवतीस?"

"डाक्टर म्हनल्यात. माज्या मनाला कोन सांगनार?"

नवव्या दिवशी डॉ. सुकन्यांनी फोन केला. त्यांच्या ओळखीनं त्यांना कळलं होतं. भुकटी कॅरमला लावतात तसली, बोरिक पावडर होती. जंतू काही नव्हते. अहवाल येऊन पाच दिवस झाले होते. तो ठाण्यात गेला, तिथून वर गेला, ज्यांच्या नावानं पाकीट होतं त्या मंडळ अधिकारी मायाताईंनाही कळवला गेला. पोस्टाला कळवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. पाकिटात एक चिठ्ठीही निघाली होती. मायाताईंनी नदीवर वाळूचे दोन ट्रॅक्टर धरले होते. चिठ्ठीत लिहिलं होतं: 'ट्रॅक्टर सोड. पुढच्या पाकिटात खरं असंल.'

बाईंनी समाधानला बोलावून सांगितलं. तो हसला, मग पारावर जाऊन बराच वेळ तोंड झाकून बसला. गावात मात्र दुसऱ्याच दिवसापासून 'पावडरवाली बाई' सुरू झालं. चिठ्ठीचं कुणी बोलेना. ती कुणी पाठवली ते आजवर कळलेलं नाही. मायाताईंनी तीन महिन्यांत बदली मागून घेतली.

अहवाल कळला त्याच आठवड्यात बाईंना कारणे दाखवा नोटीस आली. वरिष्ठांच्या लेखी परवानगीशिवाय कार्यालय बंद ठेवून जनतेची गैरसोय केली, सात दिवसांत खुलासा करावा.

संध्याकाळी त्या माझ्या घरी आल्या. पहिल्यांदाच. नोटीस माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाल्या, "गुरुजी, कचेरीतलं मराठी तुमाला येतं. मला लिवून द्या."

मला त्यांच्याकडं बघवेना. म्हणालो, "त्या दिवशी मी तुम्हाला बोललो."

"बोललात. लिवा आता."

मी लिहायला घेतलं. 'उपरोक्त विषयास अनुसरून', वगैरे. तिसऱ्या ओळीत मी लिहिलं, 'सदर प्रकार गैरसमजातून घडला.' त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं आणि ती ओळ खोडली.

"गैरसमज कुनाचा, गुरुजी? पाकिटात धमकी निगाली. मला गैरसमज झाला न्हाई."

"असं लिहिलं की ते प्रकरण मिटवतील."

"मिटवून काय करू? दुसरं पाकीट आलं तर समाधान ते वास घिऊन बगंल, कारन बाईंनी बंद ठेवलं तवा बाईंना नोटीस आलती. ह्ये गावात सगळ्यांना म्हाईत झालंय."

मग त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. दहा वाजून अकरा मिनिटांनी काय झालं, दहा बावीसला काय, कुठल्या नंबरला फोन केला, काय उत्तर मिळालं. विशेषण एकही नाही. चार पानं झाली. शेवटी त्यांनी दोन मागण्या घातल्या: पोस्टात साबण ठेवावा, आणि असं घडल्यास कुठल्या एका नंबरवर फोन करायचा ते लेखी कळवावं.

आठ दिवसांनी वरच्या कार्यालयातून फोन आला. मी तेव्हा खिडकीशीच होतो, म्हणून बाईंकडचं ऐकू आलं.

"हो, मीच लिवलाय... न्हाई साहेब, चूक झाली आसं मला वाटत न्हाई... पुन्यांदा आलं तर?" त्यांनी कोरा कागद पुढं ओढला. "पुन्यांदा आलं तर हेच करीन... हो. देते की लेखी."

फोन ठेवला. पाच ओळींचा कागद लिहिला, सही केली, पाकिटात घातला, स्वतःच रजिस्टर केला आणि पावती फायलीला लावली. नोटीस मागं घेतली असं अजून कुणी कळवलेलं नाही, आणि शिक्षाही झालेली नाही. साबणाचं उत्तरही आलेलं नाही.

पावती लावून झाल्यावर त्यांनी खिडकीतून माझ्याकडं बघितलं. "बोला गुरुजी, काय काम हाय?"